घाटातली तोडलेली हाळी

माझ्या तोंडून तुम्ही आजवर बरंच ऐकलं असेल. माझ्या आज्यानं वडवणीच्या बाजारात बैल विकला आणि आज्या घरी पोचायच्या आधी तो बैलच दावणीला येऊन उभा राहिला, ती गोष्ट. बिबट्याला मी मंडपाच्या कनातीत गुंडाळून ठेवला, ती. घाटाच्या उतारावर मी एसटीला मागं टाकलं आणि कंडक्टरनं खिडकीतून हात काढून मला तिकीट फाडून दिलं, ती तर सासुरवाडीतल्या लेकरांना पाठ आहे. पण आज जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवालाही नाही — म्हणजे त्याला ठाऊक असेलच, पण माझ्या तोंडून नाही. आणि गंमत बघा, हीच गोष्ट मी सगळ्यांत जास्त वेळा सांगितली आहे. लोकांना लोळवून लोळवून. फक्त उलटी करून.

सावकाश सांगतो हं. घाई केली की माझी जीभ थापेकडं वळते. तिला सवयच तशी लागली आहे.

माझा धंदा मंडपाचा. कनाती, खुर्च्या, कमानी, भोंगे — आणि माइक. माइक मी सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही. कडा गावापासून दिंद्रुडपर्यंत कुठल्याही लग्नात "वऱ्हाडी मंडळींनी जेवून घ्यावं" असा आवाज आला तर तो माझा असण्याची शक्यता मोठी. आवाजही असा की, खोटं सांगत नाही — बरं, थोडं सांगतो — एकदा मंगलाष्टकं चालू असताना मी नुसता खाकरलो, तर पलीकडच्या गल्लीतल्या मंडपातल्या नवरीनं घाईघाईनं हार घातला.

सासुरवाडी बालाघाटच्या पायथ्याला. घाट उतरला की पहिलंच गाव. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांना दोन लेकी. थोरली सुमन, ती माझी बायको. धाकटी राधा, तिचं लग्न व्हायला मधे बरीच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत मी त्या घरचा एकुलता एक जावई होतो. काय दिवस होते ते. माझी जीप दारात थांबली की अंगणातल्या कोंबड्या एकमेकींचा निरोप घ्यायच्या. पहिलं ताट माझं. खाटेवरची नवी गोधडी माझी. मी गोष्टीला सुरुवात केली की मामा पटक्याच्या शेवानं डोळे पुसायचे, इतकं हसायचे. जावई असावा तर असा, असं गावात बोलायचे. निदान मला तसं ऐकू यायचं.

मग खंडू आला.

खंडू म्हणजे राधाचा नवरा, माझा साडू. मेंढरंवाला. तशी आमच्याही घरी मेंढरं होती, मी लहानपणी त्यांच्यामागं फिरलोय. पुढं वडिलांनी विकली आणि मी मंडपात शिरलो. खंडूनं विकली नाहीत. बोलणं असं की वाटावं, याला प्रत्येक शब्द बाजारातून आणावा लागतो. सासुरवाडीला यायचा तो चालत, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या चपला. पारावरचे लोक त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मामाचा धाकला जावई आला, दारं लावा रे, मेंढरं आत येतेन." तो हसून पुढं जायचा. राधा मात्र ऐकायची आणि भाकरी अशी थापायची की काटवट फुटावी.

मग मला जळायचं कारण काय? जीप माझ्याकडं, माइक माझ्याकडं, मान माझ्याकडं. काहून जळावं माणसानं?

सांगतो. मामाही तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेले. खंडू आला की ते ओट्याच्या कडेला जाऊन बसायचे, हा शेजारी बसायचा, आणि दोघं डोंगराकडं बघत राहायचे. एक शब्द नाही. मी आतून एकेक हुकमी गोष्ट काढायचो. मामा हसायचे, नाही असं नाही, पण हसून झालं की तोंड पुन्हा डोंगराकडं. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचं न बोलणं त्यांना गोड लागत होतं. दुसऱ्याच्या शेतावर जळणारे पुष्कळ असतात, दुसऱ्याच्या बायकोवर जळणारेही असतात. दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर जळलेला माणूस तुम्ही पाहिलाय का कधी? नसेल पाहिला तर आता पाहून घ्या.

एका धोंड्याच्या महिन्यात आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी पाटावर बसलो होतो. मामी तुपाची वाटी घेऊन वाढत होत्या. परातीत पुरणाचा शेवटचा धोंडा उरला. तो माझ्या ताटावरून पुढं गेला आणि खंडूच्या ताटात पडला. "डोंगरात काय खातेत कोणाला ठावं," मामी म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. माझं पोटही भरलेलं होतं. पण तो न खाल्लेला धोंडा मला आठ दिवस पचला नाही.

अशात ती शर्यत आली. बीडकडचे काही डॉक्टर, वकील, मास्तर, पळायचा नाद लागलेली मंडळी. त्यांनी आमचा घाट बघितला आणि वेडावली. पठारावरच्या खंडोबाच्या देवळापासून निघायचं, घाट उतरायचा आणि सासुरवाडीच्या शाळेच्या मैदानात येऊन थांबायचं. एकवीस किलोमीटर. हाफ मॅरेथॉन म्हणतात तिला. आणि जवळजवळ सगळा उतार. दिवस सीताफळांचे, पाऊस नुकता उघडलेला, डोंगर पिवळ्या फुलांनी असा माखलेला की खंडोबाचा भंडारा वरून कुणी पोत्यांनी ओतलाय. खाली तलाव. शहरातली माणसं पळता पळता थांबून फोटो काढायची आणि फोटो काढून पुन्हा पळायची, त्यामुळं ती शर्यत होती का वरात, हे कळायला मार्ग नव्हता. छोटीच होती तशी. एका लग्नाच्या एका पंगतीत सगळे पळणारे बसले असते. शेवटच्या रेषेवरची कमान माझी, भोंगे माझे.

मामा गावच्या यात्रेचे मानकरी. त्यांनी पारावर बसून जाहीर केलं, "बाहेरच्यांचे नंबर बाहेरचे बघतेन. पण आपल्या गावच्या जावयांत जो म्होरं येईल, त्याला मी माझ्या हातानं फेटा बांधणार." आमच्या जिल्ह्यात एका गावात जावयाला गाढवावर बसवून मिरवायची रीत आहे, त्या मानानं फेटा म्हणजे मोठीच बढती. गाव हसलं आणि एकेक जावई नाव द्यायला लागला. खंडूचं नाव राधानं दिलं, त्याला न विचारता. तालुक्याला जाऊन त्याला पांढरे बूट आणले. चुलीपुढं ती आईला म्हणत होती ते मी दाराआडून ऐकलं. "एकदा तरी ह्यांच्या डोक्यावर गावानं काहीतरी बघू दे. घोंगडी सोडून."

ऐकलं होतं मी हे. हे लपवत नाही. त्या फेट्यात त्या बाईचं काय गुंतलंय ते मला शर्यतीच्या आधीच ठाऊक होतं.

आता मी. एसटीला मागं टाकणारा माणूस नाव न देता कसा राहील? दिलं. आणि गुपचूप सराव केला. रोज पहाटे जीप गावापासून लांब उभी करायची, उतारावर पळायचं, घाम पुसायचा आणि घरी येऊन आळस द्यायचा. मला नुसतं जिंकायचं नव्हतं, सहज जिंकल्यासारखं दिसायचं होतं. दोन्ही गोष्टी एकदम हव्या असल्या की माणूस फार मेहनत करतो.

शर्यतीच्या सकाळी देवळापुढं आम्हाला पिवळे टी-शर्ट दिले, छातीवर नंबर टाचले. खंडूनं टी-शर्ट घातला आणि बुटांकडं असा बघत राहिला, जणू दोन कोकरं कुणी त्याच्या पायाशी आणून सोडली आहेत. निघालो. एक जावई पहिल्याच टपरीवर चहाला वळला तो परत रस्त्यावर आलाच नाही. दुसऱ्याला सीताफळं दिसली. तिसऱ्याच्या पोटात कळ आली. घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा गावच्या जावयांपैकी आम्ही दोघेच उरलो होतो, आणि त्यातला एक पार पुढं निघून गेला होता. कोण ते सांगायला नको.

उतारावर पळणं सोपं वाटतं तुम्हाला? मलाही वाटायचं. चढ दम काढतो, उतार मांड्या काढतो. अंगठ्याची नखं बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात, गुडघ्यात कुणी खलबत्ता चालवल्यासारखं होतं. सगळे आपापल्या अंगाला आवरत पळत होते. खंडू आवरतच नव्हता. हात दोन्हीकडं सैल, मान वर, आणि पाऊल पडतंय का नुसतं टेकतंय ते कळू नये असं. माझ्या तोंडाला फेस आला होता, आणि तो — तो मजेत होता.

घाटाच्या मध्यावर रस्ता असा वळतो की वरच्या वळणावर उभं राहिलं तर खालचं वळण थेट पायाखाली दिसतं. खडा टाकला तर खालच्याच्या डोक्यावर पडेल. रस्त्यानं जायचं तर मात्र लांबचा वळसा. मी वरच्या वळणावर आलो आणि खाली मला खंडू दिसला. त्याच्या पुढं फक्त दोन काटक माणसं होती, शहरातली. सगळ्या शर्यतीत तिसरा. तिथं एक कॉलेजातली पोरगी पाण्याचे पेले घेऊन उभी होती. खंडू थांबला, पाणी प्याला, काहीतरी म्हणाला — आणि ती हसली. मागं रेलून, पोट धरून हसली.

काय म्हणाला असेल तो? मी आजही विचार करतो. पळण्यात तो माझ्या पुढं होता ते मी कसंबसं गिळलं असतं. मामांच्या शेजारची जागा गेली तीही गिळली असती. पण लोकांना हसवणं माझं होतं. तेवढं एक तर माझं होतं ना?

आता हाळी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या मेंढरंवाल्यांत एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर आवाज द्यायची रीत आहे. कळप वळवायची हाळी वेगळी, पाण्याची वेगळी, भाकरी आली त्याची वेगळी. आणि एक आहे तोडलेली हाळी. लांब ओढायची आणि मधेच कापायची. तीनदा. माणूस पडलाय, अडलाय, त्याला उठता येत नाही, असा तिचा अर्थ. पडलेल्याचा श्वास पुरत नाही म्हणून ती तोडलेली. तिच्यात नाव नसतं, कारण जवळपास कोण आहे हे पडलेल्याला ठाऊक नसतं. ज्याच्या कानावर जाईल त्यानं निघायचं. जेवत असेल तर ताटावरून उठायचं. वैरी असला तरी जायचं. आणि ती उगाच कुणी देत नाही. पोरं खेळात सगळ्या हाळ्या देतात, ही देत नाहीत. माझ्या वडिलांनी मला शिकवली तीसुद्धा अर्धी मोठ्यानं आणि अर्धी तोंडातल्या तोंडात. मी आयुष्यात कोंबड्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या. तिची केली नव्हती.

मी रस्त्याच्या कडेला झालो. लघवीला थांबल्यासारखा. मागंपुढं कुणी नव्हतं. बाजूच्या घळीकडं तोंड केलं, म्हणजे आवाज घळीतून आल्यासारखा वाटावा. आणि दिली. रीतीप्रमाणं — तीनदा.

डोळ्यांपुढं अंधारी आली, भान हरपलं, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. डोकं थंड होतं. इतकं थंड, की आवाज घोगरा काढायचंही मला सुचलं.

पहिल्या हाळीला खंडू थांबला. मी जाळीआडून बघत होतो. दुसरीला वळला. तिसरी संपायच्या आत त्यानं रस्ता सोडला होता आणि घाणेरीत, बोरीत हात घालून सरळ कडा चढत होता. खालून ती पोरगी ओरडत होती, "अहो काका, रस्ता इकडून आहे." त्यानं मागं बघितलं नाही. मघाशी उतरताना जो मजेत होता, त्याचा चेहरा आता मला वरून दिसत होता. तो मजेत नव्हता.

आणि मी पळालो. रस्त्यानं, वळसा घालून, खाली. तो माझ्या वरून घळीत शिरला आणि मी त्याच्या खालून निघून गेलो. एवढा चांगला मी आयुष्यात कधी पळालो नाही, हेही खरंच सांगतो.

मैदानात माझ्या गड्यानं माझ्याच माइकवर माझं नाव पुकारलं. हलगी वाजली. मामांनी कमानीखाली मला फेटा बांधला. त्यांचे हात माझ्या डोक्यावर होते आणि डोळे माझ्या खांद्यावरून रस्त्यावर. राधा पुढं आली. खंडूच्या टायरच्या चपला तिच्या हातात होत्या, बूट काढले की घालायला.

"दाजी, हे दिसले का कुठं?"

"पाय मुरगाळला आसंल," मी म्हणालो. "उतार लई बेकार हाय बाई. मेंढरांमागं पळणं येगळं अन् हे येगळं."

ती चपला घेऊन पुन्हा रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

मागचे आले. त्यांच्या मागचे आले. पोट सुटलेले वकील आले, फोटो काढणारे आले, टपरीवरचा जावई कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला. नाष्टा संपला. माझे गडी कनाती सोडायला लागले. तेव्हा खंडू आला. रस्त्यानं नाही, शाळेच्या मागून, डोंगराच्या अंगानं. टी-शर्ट फाटलेला, हातापायांवर ओरखडे, एक बूट चिखलानं भरलेला आणि दुसरा पायात नाहीच. तो राधापाशी थांबला नाही. मामांपाशी थांबला नाही. थेट माझ्यापुढं आला आणि माझे दोन्ही दंड धरून, पडलेल्या मेंढराचं हाड मोडलंय का बघावं तसं दाबून बघायला लागला.

"दाजी, लागलं न्हाई ना कुठं?"

तो धापा टाकत होता. "हाळी आली वरून. तोडलेली. आवाज तुमचाच. म्हणलं दाजी पडले. घळ सगळी धुंडली, खाली पाण्यापत्तुर गेलतो. तुमी कुठं न्हाईच. मला वाटलं, गेले." मग त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं, फेट्याकडं. आणि त्याच्या तोंडावर काय आलं सांगू? राग नाही. संशय नाही. बरं वाटलं त्याला. सगळं अंग सैल पडलं त्याचं.

समजलं का तुम्हाला? मी समजत होतो, तो कुणासाठीही वळेल, रीत आहे म्हणून वळेल. अनोळखी आवाज काढला म्हणून मी स्वतःवर खूश होतो. अर्ध्या जिल्ह्याला ज्याचा आवाज पाठ आहे त्या माणसानं जरा घसा खरवडला, आणि त्याला वाटलं आता ओळखू येणार नाही. पहिल्या हाळीलाच ओळखलं होतं त्यानं. तो रीतीसाठी वळला नव्हता. माझ्यासाठी वळला होता.

गडी हातात दोऱ्या धरून थांबले. मामा माझ्याकडं बघत होते. राधा बघत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. मीच दिली, एवढंच म्हणायचं होतं. गोष्टीवेल्हाळ माणसाला एवढं जड आहे का?

मी हसलो. आणि म्हणालो, "आरं येड्या, मलाबी आली ती हाळी. तुझ्या आवाजात आली. माझा आज्या सांगायचा, घाटातला चकवा घरच्याच माणसाचा आवाज काढतोय. म्या वळखलं, कानात बोटं घातली अन् सुटलो. तू गेलास व्हय तेच्या मागं?"

आधी एक जण हसला, मग दोघं, मग सगळं मैदान. चकव्यानं मेंढरंवाल्याला मेंढरासारखा फिरवला, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा आणखी वाढला. खंडू माझ्याकडं बघत होता. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही, कारण मी त्याच्याकडं बघत नव्हतो. मग त्याचा आवाज आला. "आसंल." तो खाली बसला आणि उरलेला बूट काढायला लागला. राधा त्याच्या शेजारी बसली, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि त्याच्या हातातले काटे काढू लागली. ती हसली नाही. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

यालाही आता वर्षं झाली. शर्यत दर साली होते, कमान माझीच असते. खंडू पुन्हा पळाला नाही. त्या दिवशी तो कळप घेऊन डोंगराच्या वरच्या सोंडेवर असतो, असं ऐकतो. गावात त्याचं नाव चकव्या पडलं. त्याच्या लेकालाही शाळेत चकव्याचा म्हणतात. आणि ती गोष्ट — ती माझ्या सगळ्या गोष्टींत सरस निघाली. बारशाला सांगितली, साखरपुड्यात सांगितली, माइकवर सांगितली. दर खेपेला थोडी वाढते. आता त्यात चकवा उलट्या पायांनी पळतो, त्याच्या छातीवर नंबर असतो आणि शेवटी तोही मेडल मागायला येतो. लोक लोळतात. खंडू समोर बसलेला असला तर कुणीतरी विचारतं, "काय चकव्या, खरं का?" आणि तो म्हणतो, "अगदी दाजींच्याच आवाजात." लोक आणखी लोळतात. त्याला कळलंय का? की खरंच चकवा होता असं मानतो तो? मी विचारलेलं नाही.

एक मात्र मला फार उशिरा दिसलं. ती थाप माझी. तिच्यात मी हवं ते घालू शकत होतो. मीही वळलो, दोघं घळीत भेटलो, दोघांनी मिळून चकव्याला पळवला, असंही सांगता आलं असतं. मी काय सांगितलं? खंडूचा आवाज ऐकला, कानात बोटं घातली आणि पळालो. स्वतःच्या थापेतसुद्धा मी वळलेलो नाही.

आणि जळणं गेलंय असं समजू नका. आधी त्याच्या पायांवर जळत होतो, त्याच्या गप्प बसण्यावर जळत होतो. आता त्या वळण्यावर जळतो. पुढं दोनच माणसं असताना, खाली फेटा असताना, माझ्यासारख्याचा आवाज ऐकून तो वळला, आणि वळताना त्यानं विचार केला नाही. ते माझ्यात नाही. मला ते हवं होतं, आणि ते त्याच्याकडं आहे.

चकवा नव्हता. हाळी मी दिली.

या दिवाळीला सगळे पुन्हा सासुरवाडीला जमतील. जेवणं झाली की पोरंसोरं माझ्याभोवती कोंडाळं करतील आणि म्हणतील, चकव्याची सांगा. मी सांगेन. खंडू उठेल, पाण्याचा तांब्या भरून आणून माझ्यापुढं ठेवेल. गोष्ट लांब आहे, सांगताना माझा घसा कोरडा पडतो, हे त्याच्या ध्यानात असतं.